परवडणारं घर आणि आपल्या भागाचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांच्या किमती आणि भाडी हा विषय निघाला की लोक बिल्डर, बँक, व्याजदर सगळ्यावर बोलतात, डॉक्टरचं नाव कोणी काढत नाही. आणि आरोग्याच्या मीटिंगमध्ये कोणी घराचा विषय काढला की म्हणतात, अहो ते दुसऱ्या खात्याचं काम. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत आटोपलीत, चालवून घ्या.

घर परवडणं हा पैशाचा प्रश्न आहे ना? आरोग्याचा कसा काय झाला?

पैशाचा आहेच. पण महिन्याच्या खर्चात भाडं किंवा हप्ता हा असा खर्च आहे की तो थोडासा कमी करता येत नाही, एकतर पूर्ण भरा नाहीतर घर सोडा. म्हणून पगार आला की आधी भाडं जातं आणि मग उरलेल्यात बाकीचं बसवायचं. कात्री कुठे लागते? जेवणात आधी दूध-फळं कमी होतात, बीपीची गोळी रोजच्याऐवजी दिवसाआड, दाढ दुखतेय पण बघू पुढच्या महिन्यात, चष्म्याचा नंबर वाढलाय तरी जुन्यावरच ढकलायचं. दवाखान्याच्या केसपेपरवर याची नोंद 'पेशंट औषधं नियमित घेत नाही' अशी होते, भाडं किती वाढलंय ते कोणी लिहीत नाही.

शिवाय ज्याला चांगलं घर परवडत नाही तो काही हवेत राहत नाही, तो वाईट घरात राहतो. ओल असलेलं, खिडकी नसलेलं, पाच जणांना एक खोली असलेलं, नाहीतर कामापासून दोन तास लांब असलेलं. आणि तेही किती दिवस टिकेल याची खात्री नाही. म्हणजे पैसे कमी पडले की ते पोटातून जातात, भिंतीतून जातात नाहीतर झोपेतून जातात, पण जातात शरीरातूनच.

मग सरळ चांगली घरं बांधून द्या, झालं काम. 'परवडणारी'च कशाला पाहिजेत?

या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे आणि ते अजून फार लोकांना माहीत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

इंग्लंडमध्ये स्टॉकटन-ऑन-टीज नावाचं गाव आहे. १९२७ साली तिथली एक गलिच्छ वस्ती पाडायचं ठरलं आणि १५२ कुटुंबांना, म्हणजे ७१० माणसांना, माउंट प्लेझंट नावाच्या नव्याकोऱ्या वसाहतीत हलवलं. घरं उत्तम, उजेड, हवा, पाणी सगळं व्यवस्थित. जुन्या वस्तीचा दुसरा भाग अजून पाडायचा होता, तिथली माणसं होती तिथेच राहिली. गावचे आरोग्य अधिकारी होते डॉ. मॅकगोनिगल, त्यांनी पुढची पाच वर्षं दोन्हीकडचे मृत्यू मोजले. अपेक्षा काय, तर नव्या घरात लोक कमी मरतील. झालं उलटंच. नव्या वसाहतीतला मृत्यूदर जवळजवळ निम्म्याने वाढला आणि जुन्या घाणेरड्या वस्तीत मात्र तसं काही झालं नाही.

त्यांनी सगळं तपासून पाहिलं, साथ आली होती का, घरात काही दोष आहे का, म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त आहे का. शेवटी घोडं पेंड खात होतं ते भाड्यापाशी. नव्या घरांचं भाडं जुन्याच्या जवळपास दुप्पट होतं आणि उत्पन्न तेवढंच, बऱ्याच जणांना तर कामच नव्हतं. भाडं भरायला लोक पोटाला चिमटा काढत होते. त्यांनी घराघरात जाऊन खाण्याच्या खर्चाचा हिशोब मांडला तेव्हा हे बाहेर आलं.

म्हणून 'परवडणारं' हा शब्द मागे चिकटवलेला नाही, आरोग्याच्या बाजूने बघितलं तर तोच मुख्य आहे. चांगलं पण महाग घर गरीब माणसाला वाईट घराइतकंच आजारी पाडू शकतं. आजही पुनर्वसनाच्या योजना आखताना खोलीची लांबी-रुंदी मोजतात, मेंटेनन्स, वीजबिल, प्रवास हे सगळं धरून महिन्याला किती जाणार आणि खायला किती उरणार हे क्वचितच मोजतात.

परवडणारं म्हणजे नक्की किती? ते ३० टक्क्यांचं काय आहे?

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च घरावर होत असेल तर घर परवडत नाही असं धरतात, जगात बऱ्याच ठिकाणी हाच आकडा चालतो. पण हा काही शास्त्रीय शोध वगैरे नाही बरं का. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांमधलं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये असा कायदा झाला, १९८१ मध्ये तेच ३० केलं, आणि मग तो आकडा बऱ्याच ठिकाणी चिकटला. सोयीचा आहे म्हणून.

अडचण अशी की ज्याचं उत्पन्न भरपूर आहे त्याने ४० टक्के दिले तरी उरलेल्या ६० मध्ये तो मजेत राहतो, आणि ज्याचं फारच कमी आहे त्याने २५ दिले तरी उरलेल्यात घर चालत नाही. त्यामुळे माझं मत विचाराल तर टक्केवारीपेक्षा भाडं दिल्यावर हातात किती उरतं ते विचारा, त्यात खाणं-औषधं-प्रवास बसतं का ते बघा. आरोग्य खात्याच्या सर्व्हेत तर हाच प्रश्न पाहिजे.

लांब स्वस्त घर घेतलं तर?

मग भाड्यातले वाचलेले पैसे प्रवासात जातात, झोप जाते, व्यायाम जातो, आणि अचानक काही झालं तर हॉस्पिटल लांब. कधीकधी जमतंही, पण हिशोब प्रवासासकट करा.

ओल आणि बुरशीने खरंच आजार होतात का? आमच्याकडे तर वर्षानुवर्षं भिंत काळी आहे.

होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ओल-बुरशी असलेली घरं आणि दमा, खोकला, छातीत घरघर यांचा संबंध पक्का आहे असं स्पष्ट म्हटलंय.

होतं कसं ते बघा. बाहेरच्या बाजूची भिंत आतल्या हवेपेक्षा गार असते. घरात स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, खोलीतच वाळत घातलेले कपडे, आणि माणसांचा श्वास, या सगळ्याचं पाणी हवेत असतं आणि ते त्या गार भिंतीवर बसतं. कपाट किंवा पलंग भिंतीला टेकवलेला असेल तर मागे हवा खेळत नाही, तिथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला दुसरं काही नको, रंग, वॉलपेपर, लाकूड, धूळ सगळं तिला खाद्य. एकदा ते कपाट पुढे ओढून बघा, मागे खालच्या कोपऱ्यात आधी राखाडी ठिपके दिसतील, मग काळे, आणि हात लावला तर पोपडा बोटाला येईल. लहान मुलाची गादी नेमकी त्याच भिंतीला असते कारण खोलीत दुसरीकडे जागाच नसते.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. मुलाला दमा म्हणून दवाखान्यात नेलं, पंप दिला, चार दिवसात बरं वाटलं, घरी आलं की येरे माझ्या मागल्या. परत पंप, परत दाखल. डॉक्टरची चूक नाही, औषध बरोबरच आहे, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार. आणि घरमालक म्हणणार तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून ओल येते. थोडंफार खरं असेलही, पण गळका पाइप, छताची गळती, जमिनीतून वर चढणारी ओल ही खिडकी उघडून जात नाही. आणि ब्लीच मारून पुसलं, वरून रंग दिला तर दोन-तीन महिने बरं दिसतं एवढंच, पाणी कुठून येतंय ते बंद झाल्याशिवाय ती परत येणारच.

एका खोलीत जास्त माणसं राहिली तर एवढं काय बिघडतं? पूर्वी नव्हते का राहत?

राहत होते, आणि टीबीने मरतही होते. टीबी, गोवर, फ्लू, कोविड हे सगळे श्वासातून पसरणारे, आणि एकाच बंद खोलीत रात्रीचे आठ तास झोपणं म्हणजे त्यांना हवं ते सगळं मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत एका खोलीमागे तीनपेक्षा जास्त माणसं म्हणजे दाटी. पण दाटीचा त्रास फक्त जंतूंचा नाही, मुलांना अभ्यासाला कोपरा नाही, शिफ्टवरून आलेल्याला दिवसा झोप नाही, आजारी माणसाला वेगळं ठेवायची सोय नाही. २०२० मध्ये सगळ्या जगाला सांगितलं 'घरी राहा, वेगळ्या खोलीत राहा', तेव्हा कोणाकडे वेगळी खोली आहे हे कोणी विचारलं नाही. सिंगापूरसारख्या एवढ्या व्यवस्थित देशातसुद्धा साथ भडकली ती परदेशी कामगारांच्या डॉर्मिटरींमध्ये, एकेका खोलीत बंक बेड लावलेले.

आणि दाटी ही कोणाची आवड नसते, दोन कुटुंबं एक भाडं वाटून घेतात कारण एकट्याला झेपत नाही. त्यामुळे 'दाटी करू नका' असं पोस्टर लावून काही होत नाही.

थंडी आणि उकाड्याचा घराशी काय संबंध, ते तर हवामान झालं ना?

हवामान बाहेरचं, माणूस मरतो आत. २०२१ च्या जून अखेरीस कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये प्रचंड उष्णतेची लाट आली, ६१९ मृत्यू झाले आणि त्यातले ९८ टक्के घराच्या किंवा इमारतीच्या आत झाले. निम्म्याहून जास्त लोक एकटे राहणारे होते. १९९५ मध्ये शिकागोत ७०० च्या वर माणसं गेली तेव्हाही तेच चित्र, वरचा मजला, एकटा म्हातारा माणूस, आणि वस्ती धोक्याची म्हणून खिडकी बंद. वरचा मजला छताखाली तापतो, भाडं तिथे कमी असतं, म्हणून तिथे राहतो कोण ते सांगायला नको.

थंडीचं म्हणाल तर थंड आणि समशीतोष्ण भागात घरातलं तापमान निदान १८ अंश असावं असं जागतिक आरोग्य संघटना २०१८ च्या शिफारशींमध्ये म्हणते. थंड घरात रक्तदाब वाढतो, छातीचे आजार बळावतात, आणि हीटर असूनही बिलाच्या भीतीने तो लावला जात नाही. परत पैशापाशीच आलो बघा.

लहान मुलांना सगळ्यात जास्त धोका कशाचा?

पडझड, भाजणं, धूर हे आहेच, पण जुन्या इमारतींमध्ये शिशाकडे, म्हणजे लेडकडे लक्ष द्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, अमेरिकेने घरांच्या रंगात ते १९७८ मध्ये बंद केलं, बऱ्याच देशांत फार नंतर, काही ठिकाणी अजूनही नियम कच्चेच. रंग सुटायला लागला, खिडकी उघड-बंद करताना घासली गेली की बारीक धूळ पडते, रांगणारं मूल हात तोंडात घालतं, संपलं. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नसतेच, मेंदूवर झालेला परिणाम परत भरून येत नाही, आणि बाहेरून काही दिसतही नाही, शाळेत लक्ष लागत नाही एवढंच कळतं. जुना रंग कोरडा खरवडू नका, आणि सँडपेपर मशीन तर अजिबात लावू नका, त्याने धूळ घरभर होते.

घर जाईल या टेन्शनने आजार होतात का, की हे उगाच?

उगाच नाही. नोटीस आली की घरातल्या सगळ्यांची झोप जाते, बीपी-शुगर हलते. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, घर बदललं की उपचार तुटतो. टीबीचं औषध साधारण सहा महिने चालतं, त्यात मधेच पत्ता बदलला तर नव्या केंद्रात नाव जाईपर्यंत खंड पडतो. गरोदर बाईचे कागद जुन्या दवाखान्यात, बाळाच्या लसीचं कार्ड सामानात कुठेतरी, मुलाची शाळा सुटलेली, शेजारची मावशी जी ताप आला तर बघायची ती आता नाही. आरोग्य सेविका जुन्या दारावर जाते तर कुलूप. रजिस्टरमध्ये शेरा पडतो 'पेशंट सापडत नाही'.

आरोग्य खातं आणि घरं यांचा संबंध ही नवीन फॅशन आहे का?

उलट, तोडलाय तो नंतर. लिव्हरपूल शहराने १८४७ साली डॉ. डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमलं, ब्रिटनमधले असे ते पहिलेच, आणि त्यांचा सगळा लढा होता तळघरात राहणाऱ्या माणसांसाठी. १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये आरोग्य मंत्रालय निघालं तेव्हा घरबांधणी त्याच मंत्रालयाकडे होती, पहिले मंत्री ॲडिसन हे स्वतः डॉक्टर. पुढे १९४५ नंतर अॅन्युरिन बेव्हन, ज्यांनी १९४८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, तेच घरांचेही मंत्री होते. १९५१ मध्ये दोन्ही खाती वेगळी झाली.

आणि व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर तिथे टीबी इतका होता की त्याला लोक 'व्हिएन्नाचा रोग' म्हणायचे. नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर कर बसवला, मोठ्या बंगल्यांवर जास्त, छोट्या घरांवर नाममात्र, आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांच्या वर फ्लॅट बांधले. आरोग्य आणि समाजकल्याणाचं काम डॉ. युलिउस टांडलर बघायचे. कार्ल-मार्क्स-होफ नावाचा प्रचंड मोठा प्रकल्प १९३० मध्ये उघडला, त्यात प्लॉटच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी जागेवर बांधकाम आहे, बाकी अंगण आणि झाडं, आणि आत धोबीघर, स्नानगृह, दातांचा दवाखाना, बालवाडी. भाडंही पगाराच्या अगदी छोट्या हिश्श्यात बसायचं. म्हणजे स्टॉकटनला जे चुकलं ते इथे आधीच धरलेलं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम २५ मध्ये, अन्न, कपडे, घर आणि वैद्यकीय सेवा एकाच वाक्यात आहेत. त्याच्यापुढे जाऊन काही शोधायची गरज नाही.

बेघर माणसाला आधी घर द्यायचं की आधी व्यसन सोडवायचं?

पूर्वीची पद्धत अशी की आधी दारू सोडा, औषधं घ्या, नीट वागा, मग घर. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटं सुरू केलं, आधी घराची किल्ली, मग बाकी मदत, तीही त्याला हवी असेल तर. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं, शेल्टरच्या इमारतींचे फ्लॅट करून टाकले, आणि बेघरांची संख्या खरंच खाली आली.

पण एक खरं सांगायला पाहिजे. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर याची मोठी चाचणी घेतली. घरात टिकून राहण्यात प्रचंड फरक पडला, पण मानसिक आजाराची लक्षणं किंवा व्यसन यात बाकीच्यांपेक्षा फार जास्त सुधारणा दिसली नाही. म्हणजे घर हे औषध नाही. पण रस्त्यावर झोपणाऱ्याला इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेव असं कसं सांगणार? घर मिळालं की तेवढं तरी शक्य होतं.

चांगल्या वस्तीत हलवलं तर तब्येत सुधारते का?

काही बाबतीत. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत साधारण ४,६०० कुटुंबांवर प्रयोग झाला, चिठ्ठी टाकून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जायला भाड्याची मदत दिली. दहा-पंधरा वर्षांनी त्या बायकांमध्ये अतिलठ्ठपणा आणि डायबेटिस कमी दिसला. मुलींच्या मनावरचा ताणही कमी झाला. मुलग्यांमध्ये मात्र काही मानसिक त्रास उलट वाढलेले दिसले. एकदम सरळ उत्तर नाही, पण नुसता पत्ता बदलून शुगरवर परिणाम होतो ही काय छोटी गोष्ट नाही.

एवढी घरं बांधायला पैसा कुठून येणार? स्वस्तात काही होतं का?

होतं, आणि इथे तर मला वाटतं लोक उगाच हात वर करतात.

मेक्सिकोतल्या कोआव्हिला राज्याने २००० पासून मातीच्या जमिनीच्या घरांत सिमेंटची जमीन करून द्यायला सुरुवात केली, नाव 'पिसो फिर्मे', म्हणजे पक्की जमीन. शेजारच्या राज्यात तेव्हा तशी योजना नव्हती, त्यामुळे लागून असलेल्या शहरांतल्या घरांची तुलना करता आली. जिथे सगळी मातीची जमीन सिमेंटची झाली तिथे मुलांच्या पोटातले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि ॲनिमिया ८१ टक्क्यांनी कमी झाला. आयांमध्ये ताण आणि नैराश्यही कमी दिसलं. कारण साधं, जंतांची अंडी मातीत टिकतात, मूल मातीत रांगतं. सिमेंटची जमीन पुसता येते.

दुसरं उदाहरण न्यूझीलंडचं. जुन्या लाकडी, थंड घरांना छतात आणि जमिनीखाली इन्सुलेशन, म्हणजे घरातली ऊब बाहेर जाऊ न देणारा थर, बसवलं, साधारण १,३५० घरं, निम्म्यांना आधी आणि निम्म्यांना नंतर, म्हणजे तुलना करता यावी. घरातलं तापमान थोडंसंच वाढलं, पण घरघर कमी, शाळा बुडण्याचे दिवस कमी, डॉक्टरकडे फेऱ्या कमी. २००७ मध्ये निकाल छापून आले, आणि २०१९ पासून भाड्याच्या घरांसाठी हीटिंग, इन्सुलेशन, व्हेंटिलेशन, ओल याचे सक्तीचे नियमच आले.

आपल्या भागातल्या आरोग्य खात्याने नक्की करायचं काय? घरं बांधायचा त्यांना अधिकारच नाही.

बांधायचा नाही, पण विचारायचा आहे. दम्याचा पेशंट आला की ओल आहे का, टीबीचा आला की खोलीत किती जण झोपता, औषधं बंद केलेला आला की भाडं किती वाढलं, हे केसपेपरवर दोन रकाने वाढवून होतं. आणि पत्त्यावरून एकाच बिल्डिंगमधून पेशंट येतायत का ते बघायचं, हे तर कम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम. एकाच इमारतीतून सात मुलं दम्याची येत असतील तर ती सात केसेस नाहीत, ती एक इमारत आहे.

बॉस्टनमधल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या बालरोग विभागाने १९९३ मध्ये चक्क वकील घेतला. डॉ. बॅरी झुकरमन यांचं म्हणणं, औषध देऊन मूल परत बुरशीच्या खोलीत पाठवतोय, मग घरमालकाला कायद्याने दुरुस्ती करायला लावणं हा पण उपचारच. ती पद्धत पुढे अमेरिकेतल्या कित्येक हॉस्पिटलांनी उचलली.

आणि तपासणी तक्रारीवर अवलंबून ठेवू नका. भाडेकरू तक्रार करतो, इन्स्पेक्टर येऊन जातो, घरमालक भाडेकरूलाच काढतो, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. म्हणून ज्याला सगळ्यात जास्त त्रास तो सगळ्यात कमी बोलतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराने २००५ मध्ये नियम केला की जुन्या भाड्याच्या घरांची शिशासाठी ठरावीक काळाने तपासणी होणारच, कोणी तक्रार करो न करो. मूल आजारी पडायची वाट बघायची नाही.

नियम कडक केले तर घरमालक भाडं वाढवतील, मग गरीब अजूनच बाहेर. बरोबर?

भीती खरी आहे, झटकून टाकण्यासारखी नाही. दुरुस्ती झाली, भाडं वाढलं, आधीचे लोक गेले आणि नवीन पैसेवाले आले, असं होतं. मग कागदावर त्या भागाची तब्येत सुधारलेली दिसते पण सुधारलं काहीच नाही, माणसं बदलली फक्त. बाग केली, सायकल ट्रॅक केला तरी तेच होतं कधीकधी. म्हणून दुरुस्तीचा नियम एकटा आणू नका, सोबत छोट्या घरमालकांना अनुदान किंवा बिनव्याजी कर्ज, आणि त्या बदल्यात काही वर्षं भाडं न वाढवण्याची अट. आणि मुळात घरं कमी पडत असतील तर नवीन घरं बांधावीच लागतात, नियमांनी खोल्या वाढत नाहीत.

मी भाडेकरू आहे, घरात ओल आहे, मूल सारखं आजारी असतं. मी काय करू?

फोटो काढा, तारखेसकट, आणि महिन्याभराने त्याच जागेचा परत. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मिळतं ते कुठून उसनं मिळालं तर उत्तम. घरमालकाला सांगायचं ते तोंडी नको, मेसेज किंवा पत्र, आणि भाषा साधी ठेवा, भांडण नको. डॉक्टरकडे गेलात की ते विचारतील याची वाट न बघता स्वतःहून सांगा की अशी भिंत आहे, आणि 'घरातील ओलीमुळे त्रास वाढण्याची शक्यता' असं लिहून मागा, बरेच डॉक्टर देतात, त्या एका कागदाने पुढे वजन येतं. शेजाऱ्यांनाही विचारा, त्यांच्याकडेही तेच असेल तर एकत्र अर्ज करा, सहा सह्या असल्या की एकाला काढणं अवघड होतं. भाडं मात्र रागाने थांबवू नका, बऱ्याच ठिकाणी तेच कारण दाखवून बाहेर काढतात, आधी तुमच्या भागातला कायदा मोफत सल्ला देणाऱ्या वकिलाला विचारा. आणि तोपर्यंत मुलाची गादी त्या भिंतीपासून लांब, कपाट हातभर पुढे, कपडे शक्यतो बाहेर वाळत.